उन्हाळ्यात त्वचेची व केसांची निगा

(शेतकरी मेळाव्यातील महिला सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळपासून या मंडपात उन्हाळी भुईमूग, कांदा साठवण, फळबागेचे आच्छादन अशा विषयांवर आपण ऐकले. आता माझ्या भाषणाचा विषय वाचून काही मंडळी गालात हसत आहेत. त्वचा आणि केस हा शहरातल्या बायकांचा विषय, आपल्याला त्याचे काय, असे त्यांना वाटत असावे. पण दिवसाचे आठ-आठ तास उन्हात कोण असते? फवारणीचे औषध कोणाच्या अंगावर उडते? गाजर गवत कोण उपटते? तेव्हा हा विषय सर्वांत आधी आपलाच आहे.

फळबागेची काळजी घेताना आपण बुंध्याला चुन्याचा लेप देतो, आळ्यात पाचटाचे आच्छादन टाकतो. दुपारी बैल सोडून झाडाखाली बांधतो. मात्र स्वतः उघड्या डोक्याने बांध कोरत राहतो. बैलाला जी सवलत देता तीच स्वतःला द्या, हे माझे आजचे पहिले सांगणे आहे.

ऊन त्वचेला काय करते?

त्वचा म्हणजे शरीराचे कुंपण. बाहेरचे जंतू व विषारी पदार्थ आत येऊ न देणे, आतले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि घामावाटे अंग थंड ठेवणे ही तिची कामे. उन्हातील अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते त्वचेत खोलवर जातात. त्यांपासून बचाव म्हणून त्वचा मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य जास्त तयार करते. यालाच आपण रापणे म्हणतो. सावळ्या कातडीला या रंगद्रव्यामुळे बरेच संरक्षण मिळते, पण ते पूर्ण नसते. वर्षानुवर्षे ऊन लागल्याने मानेवर जाड सुरकुत्या पडतात, गालांवर वांग येतात, ओठ सोलतात. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर होण्यास हेही एक कारण आहे.

ऊन केव्हा जास्त बाधते, हे ओळखण्यासाठी घड्याळ लागत नाही. आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक समजावे. मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य एका दिवशी दुपारी नेमका डोक्यावर येतो व सावली पायाखालीच नाहीशी होते. म्हणून उन्हाळ्यात साधारण सकाळी 10 पासून दुपारी 4 पर्यंतचा वेळ टाळावा. कांदा काढणी, हळद काढणी यांसारखी कामे पहाटे लवकर सुरू करून 10-11 पर्यंत उरकावीत. कांद्याची पात कापणे, शेंगा तोडणे अशी बसून करायची कामे दुपारी झाडाखाली किंवा मांडवात घ्यावीत.

कपडा हेच पहिले औषध

बाजारात उन्हापासून बचावाची मलमे मिळतात. ती चांगली आहेत, पण घामाने वाहून जातात. म्हणून दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावी लागतात. शेतात काम करणाऱ्याला अंगभर कपडा हाच जास्त सोयीचा व स्वस्त उपाय आहे. कपडा सुती, सैल आणि घट्ट विणीचा असावा. कपडा उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसत असेल तर त्यातून ऊनही आत जाते.

आपल्याकडच्या भगिनी साडीवर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालून कामाला जातात. कोणी हसले तरी ही पद्धत सोडू नका, ती शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पुरुषांनी नुसत्या टोपीवर भागवू नये, कारण टोपीने कान व मान झाकली जात नाही. फेटा, उपरणे किंवा मोठा पंचा डोक्यावरून मानेपर्यंत घ्यावा. मलम वापरायचे झाल्यास एसपीएफ 30 किंवा जास्त असलेले घ्यावे आणि ते चेहरा, मान व कानांवर उन्हात जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे.

गोरे करणाऱ्या क्रीमच्या नादी मात्र लागू नये. अशा काही स्वस्त क्रीममध्ये पारा आढळला आहे. पारा त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडे खराब करतो. राप उन्हाळा सरल्यावर आपोआप कमी होतो, गेलेले मूत्रपिंड परत येत नाही.

घामोळे, नायटा आणि खरूज

घामाची छिद्रे बंद झाली की घामोळे येते. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आंघोळ करावी, अंग कोरडे करावे, सैल सुती कपडे घालावेत. अंगाला तेल चोपडणे उन्हाळ्यात बंद ठेवावे. पावडरचे थर देऊ नयेत, कारण त्याने छिद्रे आणखी बुजतात. खाज फार असल्यास कॅलामाइन लोशन लावावे.

नायटा हा बुरशीचा रोग आहे. पिकावरची बुरशी जशी ओलाव्यात वाढते तशीच ही बुरशी घामाने ओल्या राहणाऱ्या जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली वाढते. गोल चकंदळ पडते, कडा लाल व खाजऱ्या असतात. यावर बहुतेक जण दुकानातून एखादी ट्यूब आणतात. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून खूश होतात, पण महिन्याभरात नायटा दुप्पट जागी पसरलेला असतो. असे का होते? कारण त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. त्याने खाज व लाली दबते, बुरशी मरत नाही, उलट तिला मोकळे रान मिळते. त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे पांढरट चरे पडतात. 2018 साली केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांचा समावेश डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत केला. तरीही ती सर्रास मागितली जातात व दिली जातात. तेव्हा नायट्यासाठी डॉक्टरांनाच दाखवावे आणि खाज थांबली तरी सांगितलेले सर्व आठवडे औषध पूर्ण करावे. घरातील प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवावा. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात उलटे करून वाळवावेत.

खरूज वेगळी. ती अतिशय बारीक किडीमुळे होते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ येते व रात्री खाज वाढते. खरजेचे औषध घरातील सर्वांनी एकाच दिवशी लावावे, खाज नसली तरीही. एकट्याने औषध केले तर शेजारच्या वाफ्यातली कीड पुन्हा आपल्या वाफ्यात यावी तसे होते.

गाजर गवताची ॲलर्जी

गाजर गवत किंवा काँग्रेस गवत आपल्या देशात प्रथम नजरेस आले ते 1955 च्या सुमारास पुण्यात. आज ते बांधाबांधावर आहे. यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे काही लोकांना ॲलर्जी होते. पापण्या, मान, कोपराच्या व गुडघ्याच्या घड्या लाल होतात, खाजतात, पुढे कातडी जाड व काळी पडते. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्याने उडूनही हा त्रास होतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. काही शेतकऱ्यांना यामुळे शेतात जाणेच अवघड झाले आहे.

म्हणून हे गवत उघड्या हाताने उपटू नये. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व तोंडावर कपडा बांधून, फुले येण्यापूर्वी मुळासकट काढावे. ज्याला एकदा त्रास झाला आहे त्याने हे काम अजिबात करू नये. हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा 1983 साली आपल्या देशात आणला गेला. पावसाळ्यात तो गवतावर दिसल्यास त्याला मारू नये.

फवारणी आणि त्वचा

विष फक्त तोंडावाटे जाते असा समज आहे. प्रत्यक्षात फवारणी करताना ते सर्वांत जास्त त्वचेवाटे शिरते. घामाने ओल्या, तापलेल्या कातडीतून ते लवकर शिरते. तळहातापेक्षा डोक्याची कातडी, कपाळ व जांघेची कातडी ते कित्येक पटींनी जास्त शोषते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये.

1. फवारणी सकाळी लवकर करावी. उन्हात हातमोजे व गमबूट नकोसे होतात आणि मग माणूस ते काढून ठेवतो.
2. पाठपंप गळका असल्यास आधी दुरुस्त करावा. पाठीवरून झिरपलेले औषध कमरेपर्यंत जाते.
3. औषध अंगावर सांडल्यास प्रथम कपडे काढावेत, नंतर साबण व भरपूर पाण्याने धुवावे. रॉकेलने पुसू नये.
4. हातमोजे काढण्यापूर्वी ते वरून साबणाने धुवावेत.
5. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते धुणारी बहुधा घरची बाईच असते. तिनेही हातमोजे घालावेत.

उवांवर कीटकनाशक नको

आता जे सांगणार आहे, ते आया-बहिणींनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले एकत्र झोपतात, डोक्यात उवा होतात. अशा वेळी पिकावरच्या औषधाची बाटली किंवा भुकटी कोणीतरी मुलीच्या डोक्याला लावते. पिकावरची कीड मरते तर उवा का मरणार नाहीत, हा त्यामागचा हिशोब. उवा मरतातही, पण डोक्याची कातडी विष झपाट्याने शोषते आणि मुलांचे वजन कमी असल्याने थोडे विषही त्यांना जास्त होते. काही तासांत मळमळ, लाळ गळणे, बाहुल्या बारीक होणे, धाप लागणे व मृत्यू असा प्रकार होऊ शकतो. रॉकेलही लावू नये. चुलीजवळ केस पेट घेतात.

औषधाच्या दुकानात उवांसाठीच बनवलेले 1 टक्का परमेथ्रिनचे लोशन मिळते. ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणे लावावे व आठवड्याने पुन्हा लावावे. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी रोज फिरवावी. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. शेतीची औषधे कुलूपबंद ठेवावीत आणि घरातील कोणाच्याही अंगाला लावू नयेत.

केसांची साधी निगा

धूळ व घामाने उन्हाळ्यात डोके लवकर मळते. आठवड्यातून दोन-तीन वेळा न्हावे. शिकेकाई-रिठे चालतील किंवा सौम्य शाम्पू वापरावा. कपडे धुण्याचा साबण केसांना लावू नये. विहिरीचे पाणी जड असेल तर साबणाचा चिकटा केसांत बसतो. अशा वेळी शेवटी भरपूर पाणी घ्यावे. न्हाण्याआधी तासभर थोडे खोबरेल तेल लावल्यास केस कमी तुटतात. मात्र तेल लावून उन्हात धुळीत जाऊ नये.

दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. टायफॉइडसारखा ताप किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळतात व बहुधा आपोआप भरून येतात. एरवी केस सतत गळत असतील, दम लागत असेल, डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून फिक्या दिसत असतील तर महागडे तेल आणण्याआधी रक्त तपासावे. अंगात लोह कमी असते. बाजरीची भाकरी, शेवग्याचा पाला, हरभरा, मटकी, गूळ-शेंगदाणे खावेत व जेवणात लिंबू पिळावे. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास लोह अंगी लागत नाही.

कलप व काळी मेंदी यांतील रसायनामुळे काहींचा चेहरा सुजतो. वापरण्यापूर्वी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस पाहावे.

टाचांच्या भेगा, टिकली व पांढरे डाग

टाचांच्या भेगांत बिब्बा भरण्याची चाल आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. त्याऐवजी रात्री कोमट पाण्यात पाय 15 मिनिटे बुडवून, खरबरीत दगडाने हलके घासून व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावे व सुती मोजे घालावेत. मधुमेह असणाऱ्यांनी उन्हात अनवाणी चालू नये. पायाला चटका कळत नाही आणि जखम चिघळते.

टिकलीच्या गोंदाने कपाळावर किंवा रबरी चपलेच्या पट्ट्याने पायावर पांढरा डाग पडू लागल्यास ती वस्तू लगेच बंद करावी. कोड संसर्गजन्य नाही. त्यावरून मुलीचे लग्न मोडणे हा अडाणीपणा आहे. मात्र ज्या फिकट डागावर स्पर्श कळत नाही, त्यासाठी सरकारी दवाखान्यात जावे. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध मोफत मिळते व रोग पूर्ण बरा होतो. उशीर केल्यास हातापायांना व्यंग येते.

शेवटी पाण्याविषयी. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला पाणी प्यावे. ताक, पन्हे, कोकम सरबत उत्तम. कामावरचा माणूस बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला व अंग भट्टीसारखे तापले तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये.

बंधू-भगिनींनो, यातल्या बहुतेक उपायांना पैसे लागत नाहीत. लागतो तो दुपारचा विसावा, एक जुना सदरा, एक उपरणे आणि औषधाच्या कपाटाला एक कुलूप. उद्या शेतावर जाताना एवढे जरी सोबत घेतलेत, तरी आज येथे येण्याचे सार्थक झाले असे मी समजेन. कोणाला वैयक्तिक शंका असतील तर मी कार्यक्रमानंतर मंडपातच थांबणार आहे, संकोच न बाळगता विचाराव्यात.