डाग पडला तर पैसे कोणाचे?

सामाजिक उद्योजकता हे नाव अलीकडे इतके सैल झाले आहे की त्यात कोणीही मावते. सौर कंदील विकणारी कंपनी, झाडे लावणारी बँक, गणवेश वाटणारा कारखानदार, सगळे एकाच पंगतीला बसलेले दिसतात. धंदा स्वतःच्या पायावर उभा राहावा आणि त्यातून समाजाचे भले व्हावे, अशी व्याख्या साधारणपणे सांगतात. ती चुकीची नाही, पण तिचा उपयोग थोडा. भले करण्याचा हेतू मोजता येत नाही, आणि आपला हेतू वाईट आहे असे सांगणारा उद्योजक अजून जन्मायचा आहे. तेव्हा हेतू बाजूला ठेवून एकच साधा प्रश्न विचारावा, असे मला वाटते: धंद्यात नुकसान झाले तर ते कोणाच्या वाट्याला येते? हा प्रश्न घेऊन मी तुम्हाला लखनौला नेणार आहे. मराठी माणसाला हे शहर आठवते ते पंडित भातखंड्यांनी १९२६ साली तिथे उभारलेल्या संगीत महाविद्यालयामुळे, नाहीतर मलिहाबादच्या दशहरी आंब्यामुळे. आज आपण मात्र तिथल्या चिकनकारीच्या भरतकामाकडे पाहू, तेही कुर्ता दुकानात टांगला जाईपर्यंत त्याच्या मागे मागे जात.

चिकनचा कुर्ता एका हातचा नसतो. व्यापारी कापड घेतो, शिंपी ते बेतून शिवतो, छापणारा लाकडी ठशांनी त्यावर धुतल्यावर निघून जाणाऱ्या निळीत वेलबुट्टी उठवतो. मग तो कपडा गठ्ठ्यातून निघतो आणि चौक, ठाकूरगंज अशा जुन्या वस्त्यांतल्या किंवा काकोरी-मलिहाबादकडच्या खेड्यांतल्या एखाद्या बाईच्या घरी पोचतो. भरतकाम ती करते, बहुधा घरकामातून वेळ काढून, दाराजवळच्या उजेडात. पुढे तो धोब्याकडे जातो, नीळ निघते, इस्त्री होते आणि कुर्ता चौकातल्या दुकानात लागतो. या साऱ्या फेरीत कापड व्यापाऱ्याचे असते. भरणारी बाई आणि व्यापारी एकमेकांना बहुधा ओळखतही नाहीत. मध्ये एक-दोन दलाल असतात, आणि प्रत्येकाचा हात फिरला की मजुरी थोडी आटते. मजुरी नगावर. आता समजा, कपड्यावर तेलाचा डाग पडला, जाळी काढताना धागा तुटला, किंवा त्या मोसमात तो रंगच कोणी विचारला नाही. हे धंद्यातले नेहमीचे नुकसान, आणि ते सोसावे म्हणूनच तर व्यापाऱ्याला नफा मिळतो, असे अर्थशास्त्र सांगते. प्रत्यक्षात हे नुकसान पायरीपायरीने खाली उतरते. व्यापारी दलालाचे कापतो, दलाल बाईचे कापतो, आणि बाईच्या खाली कोणीच नसते. पैसे उशिरा देण्याची रीत तर इतकी अंगवळणी पडलेली की तिला कोणी अन्याय म्हणत नाही. पण हिशेब मांडून पाहा: काम आज घेतले आणि मजुरी दोन महिन्यांनी दिली, तर त्या दोन महिन्यांपुरती ती कारागीरण व्यापाऱ्याला बिनव्याजी कर्ज देत असते. जिच्या घरात सर्वांत कमी पैसा, तिच्या भांडवलावर हा व्यवहार चालतो.

याचा परिणाम कलेवरही होतो, आणि त्याकडे कमी लक्ष जाते. तांदळाच्या दाण्याएवढी मुर्री, बारीक गाठीसारखा फंदा, एकही धागा न कापता सुईने विरळ करत नेलेली जाळी, या कामांना वेळ लागतो आणि चूकही होऊ शकते. चुकीचे पैसे जिला भरायचे आहेत ती बाई मुर्री का भरेल? ती मोठमोठ्या टाक्यांचा, झपाट्याने उरकणारा बखिया भरेल. गेल्या शतकात चिकनचे काम भरड होत गेले, त्याचे कारण लोक अभिरुची बिघडली असे देतात. मला ते अर्धेच खरे वाटते. जोखीम ज्याच्या गळ्यात असते तो सर्वांत सुरक्षित टाका घालतो, एवढे साधे गणित त्यामागे आहे.

१९८४ साली लखनौत रूना बॅनर्जी आणि सेहबा हुसैन यांनी ‘सेवा लखनौ’ ही संस्था उभी केली. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत स्थापन केलेल्या ‘सेवा’चा आदर्श समोर होता, पण ही संस्था स्वतंत्र. तिने केले काय? मधले दलाल वगळून बायकांना काम थेट दिले, विसरत चाललेले बारीक टाके पुन्हा शिकवले, आणि माल इतर शहरांतल्या प्रदर्शनांतून व स्वतःच्या दुकानातून सरळ गिऱ्हाइकाला विकला. वर्णन ऐकून हे एखाद्या महिला मंडळाचे काम वाटेल. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर संस्था व्यापाऱ्याच्या जागी जाऊन बसली: माल तिचा, विक्री तिची, म्हणून न खपलेला गठ्ठाही तिच्याच कपाटात. बाईने भरून दिले, तिचे काम संपले. पुढे दिल्ली-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ते आवडले की नाही, ही चिंता तिची उरत नाही. हजारो बायका या कामाशी जोडल्या गेल्या, आणि २००७ साली रूना बॅनर्जी यांना पद्मश्री मिळाली. नफा का हवा, याचेही उत्तर इथे सापडते. धक्का सोसायचा तर गाठीला काहीतरी हवे. देणगीवर चालणारी संस्था एक वाईट मोसम सोसेल. तिसऱ्या मोसमाला देणगीदाराला दुसरे एखादे काम जास्त गरजेचे वाटू लागलेले असते.

नुकसान कोणाच्या वाट्याला, ही कसोटी आपल्याकडच्या उदाहरणालाही लावता येते. मार्च १९५९ मध्ये गिरगावातल्या लोहाणा निवासात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ही ‘लिज्जत’ची गोष्ट सर्वांना पाठ आहे. तिची यशोगाथा करून ठेवल्यामुळे त्यातला कठीण भाग झाकला जातो. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड आणि खाटेखाली स्टोव्ह. हा खर्च ज्या वहीत मांडला गेला ती सर्वांची होती. देणगी मागायची नाही, आणि नफा-तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा, हे त्यांनी आरंभीच ठरवले होते. लखनौत संस्था जोखीम स्वतःवर घेते, गिरगावात ती लाटणाऱ्या बहिणी आपसांत वाटून घेतात. मार्ग दोन आहेत. पण दोन्हीकडे ती एकट्या, सर्वांत दुबळ्या हातावर पडत नाही.

उलट उदाहरण दिल्याशिवाय कसोटीची धार कळत नाही. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेने आणि मुहम्मद युनूस यांनी लघुकर्जाचा जो मार्ग घालून दिला, त्याला २००६ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. त्याच वाटेने म्हणून निघालेल्या आपल्याकडच्या एका बड्या लघुकर्ज कंपनीचे समभाग २०१० च्या ऑगस्टमध्ये शेअर बाजारात नोंदले गेले. ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारला कर्जवसुलीवर वटहुकूम काढावा लागला, कारण वसुलीच्या तगाद्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या येत होत्या. कर्ज गरिबांना, हेतू समाजाचा, परतफेडीचे आकडे झळझळीत. पण पीक बुडाले, म्हैस मेली, नवरा आजारी पडला, तरी आठवड्याचा हप्ता बाईनेच भरायचा, आणि तिला जमले नाही तर गटातल्या बाकीच्या बायकांनी. सारी जोखीम खाली, आणि वर भागधारकांची वाढती अपेक्षा. या धंद्याला सामाजिक म्हणायला माझी जीभ वळत नाही. सगळीच लघुकर्जे अशी नसतात, हेही लगेच सांगायला हवे.

आता आक्षेप. पहिला असा, की मजुरीचे रक्षण हे सरकारचे काम, ते संस्थांच्या गळ्यात का? तत्त्वतः मान्य. पण किमान वेतनाचा कायदा मालक शोधतो, आणि घरी बसून नगावर भरणाऱ्या बाईचा मालक कागदावर कुठेच नसतो. अशा घरखेप कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली स्वतंत्र करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. लखनौ चिकनला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१८ मध्ये उत्तर प्रदेशाच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत चिकनकारी आली. दोन्ही चांगले. पण भौगोलिक निर्देशांक नावाचे रक्षण करतो, मजुरीचे नाही. कुर्ता लखनौचा आहे एवढेच तो सांगतो, बाईला किती मिळाले हे सांगत नाही. सरकार जिथे आपले काम नीट करते तिथेही अशा उद्योगांना जागा उरतेच. उदाहरणार्थ, ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांना किमान तीन लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. भरपाई मिळाली तरी उद्यापासून त्या मुलीला कामावर कोण ठेवणार, हे न्यायालय ठरवू शकत नाही. लखनौच्या गोमतीनगरात २०१६ पासून अशा हल्ल्यांतून वाचलेल्या स्त्रियाच चालवत असलेले ‘शीरोज’ हे कॅफे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

दुसरा आक्षेप जड आहे. चिकनच्या कामावर पोट असलेल्यांची संख्या लाखांच्या घरात सांगतात, आणि एक संस्था हजारांपर्यंत पोचते. मग फरक तो काय पडला? या आक्षेपाला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, अर्धे आहे. मोहल्ल्यात एका घरी वेळेवर पैसे येऊ लागले की शेजारणीला कळते, आणि दलालाशी बोलताना तिच्या हाती एक दुसरा भाव असतो. मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा वाण्याच्या व्याजाला पहिल्यांदा पर्याय दिसला. पर्याय दिसणे म्हणजे सगळ्यांची सुटका नव्हे. यंत्रावरचे भरतकाम चिकन म्हणून विकले जाते तेव्हा तो भावही डळमळतो. आणि हाताचे बारीक काम महाग पडते, ते सुखवस्तू गिऱ्हाइकालाच परवडते, हेही खरे. मात्र स्वस्त कुर्त्याची उरलेली किंमत कोणीतरी भरतच असते.

राहिला प्रश्न मोजमापाचा. २०१९ च्या अर्थसंकल्पात सामाजिक संस्थांना पैसा उभारण्यासाठी सामाजिक शेअर बाजाराची घोषणा झाली, २०२२ मध्ये सेबीने त्याचे नियम केले, आणि नोंदलेल्या संस्थांना आपल्या कामाचा परिणाम दरवर्षी जाहीर करावा लागतो. अशा अहवालांत लाभार्थींच्या संख्येवर सगळा भर पडण्याचा धोका मोठा. मोठी संख्या छापायला सोपी आणि ऐकायला गोड. माझी सूचना साधी आहे. तीन आकडे मागावेत: काम दिल्यापासून किती दिवसांनी मजुरी हातात पडली, वर्षभरात किती रक्कम खराब मालापायी कापली, आणि न खपलेल्या मालाचा किती तोटा कोणत्या खात्यावर टाकला. यासाठी सल्लागार कंपनी नेमावी लागत नाही. तिसरा आकडा संस्थेच्या जमाखर्चात असतो. पहिले दोन ठाकूरगंजमधल्या कोणत्याही कारागिरणीला विचारले तरी ती बोटांवर मोजून सांगेल.