दोन थरांमधील अरण्य

लखनौच्या अमीनाबाद बाजारात चिकनच्या कापडांची दुकाने पाहत हिंडणाऱ्या माणसाला ज्वालामुखीची आठवण होण्याचे काही कारण नाही. त्याच्या पायांखाली आहे तो नद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेला गाळ. महाराष्ट्रात मात्र विहीर खणू लागले, की बहुतेक ठिकाणी काळा पाषाण लागतो. तो पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. आणि त्याच्या चरित्रातील एक महत्त्वाचे प्रकरण लिहिले गेले ते अमीनाबादेहून गोमती ओलांडली की लागणाऱ्या लखनौ विद्यापीठात.

ज्वालामुखी म्हटला, की धूर ओकणारा शंकाकृती पर्वत डोळ्यांपुढे येतो. इटलीतील व्हेसुव्हियस हा त्या जातीचा. अशा पर्वतातील शिलारसात सिलिकेचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे तो चिकट होतो. त्यातील वायू सहज सुटत नाहीत. ते कोंडतात आणि अखेर स्फोट होतो. इ. स. 79 मध्ये पाँपेई नगर गाडले गेले ते अशाच उद्रेकात. हवाई बेटावरील मौना लोआची तऱ्हा निराळी. तेथील रस पातळ असल्याने दूरवर वाहतो, आणि पालथ्या ढालीसारखा विस्तीर्ण पर्वत तयार होतो.

तिसऱ्या जातीत असा उंच पर्वत नसतोच. भूकवचाला लांबच लांब भेगा पडतात आणि त्यांतून लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरतो. 1783 साली आइसलँडमध्ये लाकी येथे सुमारे 27 किलोमीटर लांबीच्या भेगांतून आठ महिने लाव्हा वाहत होता. त्यातील विषारी वायूंनी गवत नासले, गुरे मेली, आणि मागाहून आलेल्या दुष्काळात त्या देशातील सुमारे एक पंचमांश माणसे मृत्युमुखी पडली.

दख्खनचे पठार मुख्यतः अशाच भेगांतून, पण याहून कितीतरी प्रचंड प्रमाणावर, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी घडले. थरावर थर साचले. आजही त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या या थरांच्याच होत.

परंतु हे थर एकामागून एक लागोपाठ साचले काय? नाही. मध्यंतरी दीर्घ विश्रांतीचे काळ गेले. थिजलेल्या लाव्हावर माती झाली, तळी साचली, झाडे वाढली. आणि पुढच्या लाव्हाने ती गाडून टाकली. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांना नागपूरच्या परिसरात या मधल्या थरांतील जीवाश्म सापडले. पुढे छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां येथील दगड झालेल्या वनस्पतींनी बीरबल साहनी यांचे लक्ष वेधले. ते 1921 पासून लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

दगडाचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, की झाडाची पेशीरचना दिसू लागे. ताडवर्गातील वृक्ष ओळखू आले. संथ गोड्या पाण्यावर तरंगणारे अझोला सापडले. म्हणजे तेथे तळे असले पाहिजे. खाडीकाठी वाढणाऱ्या निपाचे फळही मिळाले; म्हणजे समुद्राचे पाणी फार दूर नसावे. या वनस्पती पाहून साहनींनी 1934 साली प्रश्न उपस्थित केला, की हा लाव्हा डायनोसॉरांच्या, म्हणजे क्रिटेशस युगातला, की त्यानंतरच्या तृतीय युगातला? त्यांचा कौल तृतीय युगाकडे होता.

आजच्या कालमापनाने त्या वादाचा निवाडा एका पक्षाच्या बाजूने दिला नाही. हे उद्रेक त्या दोन युगांच्या सीमेच्या अलीकडे आणि पलीकडेही चालू होते. त्याच सीमेवर डायनोसॉर नष्ट झाले. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीबरोबर दख्खनच्या वायूंचाही त्या संहारात किती वाटा होता, याची चर्चा अद्याप चालू आहे.

3 एप्रिल 1949 रोजी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेच्या वास्तूची कोनशिला लखनौत बसविण्यात आली; त्या शिलेत जीवाश्मच जडविलेले आहेत. पुढे अवघ्या सात दिवसांनी साहनींचे निधन झाले. संस्था मात्र त्यांच्या नावाने आजही काम करीत आहे.

दख्खनचा अग्नी केव्हाच विझला आहे. परंतु अंदमानातील बॅरन बेट शतकाहून अधिक काळ निद्रिस्त राहून 1991 साली पुन्हा धगधगले. ज्वालामुखीची शांतता म्हणजे त्याचा शेवटच असे नव्हे, हेच दोन थरांमध्ये गाडले गेलेले ते अरण्य सांगत असते.