शाळा सुटली म्हणून पोटगी सुटते का?



वसंतातल्या संध्याकाळी पोटगीवर व्याख्यान, हे काहींना रुक्ष वाटेल. पण प्रश्न आपल्याच अंगणातला आहे. समजा, नवराबायको विभक्त राहतात. सोळा वर्षांचा मुलगा आईजवळ आहे. त्याने नववीतच शाळा सोडली. चिकूच्या वाडीत काम निघाले तर जातो, एरवी घरी असतो. बाप म्हणतो, “शिकतच नाही, तर मी पैसे कशाला भरू?”

इंग्लंडात या बोलण्याला थोडा आधार सापडेल. तेथे ही जबाबदारी साधारणपणे सोळाव्या वर्षी संपते आणि ठराविक पूर्णवेळ शिक्षण चालू असेल तरच विसाव्या वर्षापर्यंत लांबते. आपला कायदा मात्र शाळेचा दाखला मागत नाही. तो दोनच गोष्टी विचारतो: मूल अज्ञान आहे काय, आणि स्वतःचे पोट भरण्यास असमर्थ आहे काय? सज्ञानतेचे वय १८७५ च्या कायद्याने अठरा ठरले आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १२५ वे कलम १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वे झाले. गाभा तोच राहिला.

मुलगा खरोखरच पोटापुरते नियमित मिळवू लागला, तर बापाने न्यायालयात जाऊन हुकूम बदलून मागावा. त्यासाठी १४६ वे कलम आहे. आपल्याच मनाने पैसे बंद केले, तर थकबाकीसाठी वॉरंट निघते आणि प्रसंगी तुरुंगही घडतो. चार दिवसांची मजुरी म्हणजे स्वावलंबन नव्हे.

अठरानंतर काय? शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे जे मूल कमावू शकत नाही, त्याची जबाबदारी पुढेही राहते. अविवाहित मुलीचे तसे नाही. व्यंग नसेल तर १२५ व्या कलमाखाली तिला सज्ञान झाल्यावर पोटगी नाही. परंतु १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या विसाव्या कलमाखाली ती मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ‘अभिलाषा’ खटल्यात स्पष्ट केले.

येथे डहाणू-तलासरीकरांनी कान टवकारावेत. केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज तो १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे शेजारच्या घरची मुलगी ज्या दाराने आत जाईल, ते दार वारली मुलीला सहसा बंद! तिला चालीरीतीचा आधार शोधावा लागतो. अठराच्या आत मात्र १४४ वे कलम जातधर्म न पाहता सर्वांना सारखे आहे. निदान एवढे तरी पाड्यापाड्यावर पोहोचले पाहिजे.

शेवटी एक आठवण देतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये बोर्डीहून कोसबाडला आल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मूल शाळेत आले नाही, म्हणून त्यांनी त्याचे नाव टाकले नाही. परक्यांनी जे केले नाही, ते जन्मदात्याने करावे काय? शाळा सोडलेल्या मुलाला बापाची गरज कमी नसते, अधिक असते. कायदा त्याला अठरापर्यंत अज्ञान म्हणतो. आपण तरी जाणते होऊ या.