पहिले दोन हजार किलोमीटर



गेल्या वर्षी मी आपल्या ग्रुपवर नव्या गाडीचा फोटो टाकला होता. बीएमडब्ल्यू एम-२. तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बो असलेलं इंजिन. आरपीएमचा काटा ७२०० पर्यंत जातो. फुलांचे गुच्छ आले, पेढे मागून झाले. महिन्याभराने कोणीतरी विचारलं, "किती पळवलीस?" मी खरं ते लिहिलं, "अजून काटा ५५०० च्या वर नेलेला नाही." त्यावर उत्तर आलं, "म्हणजे जर्मनीत राहून बैलगाडी घेतलीस!" लिहिणारा समोरच तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही.

मला आज 'माझा प्रवास' या विषयावर बोलायला सांगितलंय. तो तुम्हाला ठाऊक आहे: शाळा, इंजिनिअरिंग, पुणे, म्युनिक आणि कायम कॉम्प्युटरसमोरची खुर्ची. म्हणून मी त्या बैलगाडीबद्दलच बोलते.

रनिंग-इन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो घरी नवी स्कूटर आली तेव्हा. मी सहावीत होते. शोरूमवाल्यांनी बाबांना बजावलं होतं, सुरुवातीला चाळीसच्या वर नेऊ नका, डबलसीट घाट चढू नका. बाबांनी हार घातला, नारळ फोडला, आणि तिसऱ्याच दिवशी दादा मित्राला मागे बसवून खंबाटकी चढायला निघाला. अर्ध्या घाटात स्कूटर गचके देऊन बंद पडली. पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरमध्ये जाम झाला. टेम्पोत घालून घरी आणली. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, पण बाबा त्या स्कूटरला शेवटपर्यंत 'दादाची' म्हणत राहिले. दादाही आपल्याच शाळेचा. आज आलेला नाही, म्हणून हे सांगता येतंय.

पुढे आठवीला मी टेक्निकल घेतलं. तुकडीत आम्ही तीनच मुली. वर्कशॉपच्या कोपऱ्यात शेतीपंपाचं एक जुनं डिझेल इंजिन अर्धं कापून ठेवलेलं होतं, आठवतंय? सरांनी एकेकाला त्याच्या सिलिंडरच्या आतून नख फिरवायला लावलं होतं. दिसायला गुळगुळीत, पण नखाला बारीक खरखर लागायची. बॅटरीचा उजेड तिरका धरला की एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसायची. मी विचारलं, हे ओरखडे कसले? सर म्हणाले, "मुद्दाम पाडलेत. आरशासारखं केलं तर ऑइल थांबायचं कुठं?" सर, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे मला इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नाही.

माझ्या गाडीतही तीच जाळी आहे. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आतल्या भिंतींवर वितळलेल्या तारेतून फवारलेला लोखंडाचा पातळ थर, आणि त्या थरावर दगडाने घासून काढलेल्या तिरक्या रेघा. या कामाला होनिंग म्हणतात. रेघांचे खोलगट भाग ऑइल धरून ठेवतात. त्यांच्यामधले उंचवटे कारखान्यातच बरेचसे छाटलेले असतात, पण शेवटचा हात फिरवायचा असतो पिस्टनच्या रिंगांनी. रिंग आणि भिंत एकमेकींना घासून एकमेकींच्या मापाच्या होतात. म्हणजे शोरूममधून गाडी घरी येते तेव्हा इंजिनाचं थोडं काम बाकी असतं, आणि ते मालकाच्या पायाखाली होतं.

आता ही रिंग भिंतीवर दाबली जाते कशाने? तिच्या स्वतःच्या स्प्रिंगसारख्या ताणाने थोडी, पण मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबाने. वरचा वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. ॲक्सिलरेटर जेमतेम दाबला तर हा दाबही जेमतेम. उंचवटे नीट घासले जात नाहीत, भिंतीवर जास्तीचं ऑइल राहतं, ते जळतं, आणि आपल्या कढईच्या कडेला बसतो तसा पिवळट चिवट थर त्या रेघांमध्ये भरतो. ऑइल धरून ठेवायची जागाच बुजते. एकदा असं झालं की ती गाडी कायम ऑइल पीत राहते.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाहीये. या गाडीच्या आधीची माझी पहिली नवी गाडी मी अशीच वाया घालवली. डोक्यात दादाची स्कूटर होती ना! हजार किलोमीटर मी तिला फुलासारखं जपलं. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. रविवारी हायवेवर एकाच गिअरमध्ये, एकाच वेगात. पुढची सहा वर्षं ती दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खात होती. डिकीत ऑइलचा डबा ठेवूनच मी प्रवास करायचे. गॅरेजवाल्याने सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून दाखवलं: जाळी जागोजागी बुजलेली, भिंत चकचकीत. दोष सगळा माझ्या जपण्याचाच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण मोठा वाटा त्याचाच, हे माझं मत आहे.

याच्या उलट टोकाचेही लोक भेटतात. पहिल्या दिवसापासून पिळून काढा, तरच रिंगा बसतात, असं सांगणारे. ते विमानाच्या इंजिनाचा दाखला देतात, आणि तो दाखला खरा आहे. लहान विमानांची पिस्टन इंजिनं बनवणारी लायकोमिंग ही कंपनी नव्या इंजिनाला सुरुवातीचे तास ६५ ते ७५ टक्के शक्तीवर उडवायला सांगते. कारण वर सांगितलं तेच, हळू चालवलं तर भिंतीवर तो थर चढतो. पण आकडा पाहा. ७५ टक्के, १०० नाही. शिवाय विमानाला सिग्नल नसतो आणि दूध आणायला कोणी विमान काढत नाही. नव्या रिंगांचं घर्षण जास्त, त्यामुळे उष्णता जास्त. त्यात थंड इंजिनावर पूर्ण जोर लावला तर ऑइलचा पातळ पडदा फाटतो आणि धातू धातूला चिकटतो. दादाने तेच केलं होतं.

माझ्या गाडीच्या हँडबुकात म्हणूनच दोन्ही बाजूंनी लगाम आहे. २००० किलोमीटरपर्यंत ५५०० आरपीएम आणि १७० किलोमीटर वेगाच्या वर जायचं नाही, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा नाही. आणि त्याच वाक्यात, वेग आणि आरपीएम सतत बदलत ठेवा. लोक पहिला भाग वाचतात, दुसरा सोडून देतात. मीही पहिल्या गाडीच्या वेळी सोडला होता.

या वेळी मी रस्ताच तसा शोधला. म्युनिकहून दक्षिणेला कोखेल नावाचं गाव आहे, तिथून वाल्खेनझे तलावाकडे केसेलबेर्गचा घाट चढतो. वळणावळणाचा, कमी वेगमर्यादेचा. घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये निम्म्याहून जास्त ॲक्सिलरेटर दिला की इंजिनावर खरा भार येतो, आरपीएम मात्र तीन-साडेतीन हजारच राहतात. उतरताना पाय काढायचा, गाडी गिअरवर रोखायची. भार, मोकळीक, भार, मोकळीक. घाटाशी पोचेपर्यंत तासभर झालेला असतो, त्यामुळे ऑइल चांगलं तापलेलं असतं. हे तापणं फार महत्त्वाचं. कूलंटचा काटा लवकर वर येतो, ऑइल त्याच्या कितीतरी मागून तापतं. २००० सालाच्या सुमारासच्या एम गाड्यांमध्ये आरपीएमच्या तबकडीभोवती छोटे दिवे असायचे. इंजिन थंड असताना ते खालच्या आकड्यापासून पेटलेले असत आणि ऑइल तापेल तसे एकेक विझत जात. कोणीतरी एक छोटा प्रोग्रॅम लिहून चालकाचा पाय आवरला होता, याचं मला व्यवसायामुळे फार कौतुक आहे. सध्याच्या शेवरोलेट कॉर्व्हेटने तर पुढची पायरी गाठलीय. पहिल्या ५०० मैलांत ती पहिल्या दोन गिअरमध्ये स्वतःच टॉर्क कमी देते. दादाला अशी स्कूटर हवी होती.

इंजिन सोडून बाकीच्या गोष्टी झटकन सांगते. नवे टायर पहिले ३०० किलोमीटर पुरेशी पकड देत नाहीत. ब्रेकचे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला ५०० किलोमीटर लागतात. इंजिनाच्या नादात हे विसरायला होतं, आणि वळणावर आठवतं.

२००० किलोमीटरला गाडी सर्व्हिसला दिली. तिथे इंजिनाचं ऑइल आणि फिल्टर बदलतात, शिवाय मागच्या डिफरन्शियलचंही ऑइल बदलतात, कारण त्यातले दातेही एकमेकांना घासून बसत असतात. मी गॅरेजवाल्याला म्हटलं, जुनं ऑइल मला बघायचंय. त्याला जरा गंमत वाटली, पण त्याने ट्रे पुढे केला. उन्हात धरला तर ऑइलमध्ये मेंदीच्या पाण्यात चमकी पडावी तशी अगदी बारीक चमक होती. दोन हजार किलोमीटरमध्ये झिजलेले ते उंचवटे. थोडं बोटावर घेऊन चोळून पाहिलं. खरखर लागली नाही.

आता गाडी ९००० किलोमीटर झालीय. डिपस्टिक या गाडीला नाही, ऑइलची पातळी स्क्रीनवर दिसते. महिन्यातून एकदा बघते. अजून भर घालावी लागलेली नाही. आणि हो, काटा ७२०० ला नेलाय. पहिल्यांदा नेला तेव्हा शेजारी मुलगी होती. ती म्हणाली, "आई, एवढ्यासाठी थांबली होतीस?"

तिसऱ्या रांगेतल्या मित्राने नुकतीच नवी गाडी बुक केलीय असं कळलं. जेवणाच्या रांगेत मला गाठ, पुण्याहून हप्त्याला दोनदा कात्रज घाटातून कसं जायचं ते सांगते.