बँकॉकचे वाट फो : भिंतीवर कोरलेली शाळा



थायलंडची राजधानी बँकॉक पाहून आम्ही काही सभासद परत आलो. त्याविषयी चार शब्द सांगावेत असा आपला आग्रह, म्हणून आपणापुढे उभे आहोत.

बँकॉकचे नाव काढले की आपल्याकडे बाजार आणि करमणूक एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. ते तेथे आहेच. पण जो नदीवरून हे शहर पाहतो, त्याला दुसरेच बँकॉक भेटते. 1782 साली राजा पहिला राम याने चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर ही राजधानी वसवली. थाई लोक तिला 'क्रुंग थेप महानखोन' म्हणतात. 'थेप' म्हणजे देव आणि 'महानखोन' म्हणजे महानगर. भाषा परकी, पण असे शब्द कानावर पडले की परकेपणा कमी होतो.

1999 साली तेथे उंचावरून धावणारी रेल्वे आणि 2004 साली भुयारी रेल्वे सुरू झाली. लांबच्या अंतराला त्या सोयीच्या आहेत. जुने शहर मात्र बोटीने आणि पायी पाहावे. आपली एसटी जशी गावोगाव थांबते, तशा नदीतील प्रवासी बोटी धक्क्याधक्क्याला थांबतात. विद्यार्थी, नोकरदार, बाजाराला निघालेल्या बाया सारे त्यातूनच जातात. चीवरधारी भिक्खू आले की त्यांच्यासाठी जागा राखलेली असते.

ता तियन धक्क्याजवळच प्रसिद्ध 'वाट फो' आहे. 'वाट' म्हणजे विहार आणि 'फो' म्हणजे बोधिवृक्ष. याच्या अधिकृत नावात 'चेतुफोन' हा शब्द आहे. हे 'चेतुफोन' म्हणजे श्रावस्तीचे जेतवन! खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालून, पादत्राणे बाहेर काढून आत जायचे. समोर 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच अशी पहुडलेल्या बुद्धांची मूर्ती. तळपायांवर शिंपल्यांच्या नक्षीत 108 मंगलचिन्हे आहेत. मूर्ती पाहिली, फोटो काढला की बहुतेक प्रवासी लगेच परततात.

मित्रांनो, खरे पाहण्यासारखे त्यापुढे आहे. राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीत, 1831 ते 1841 या काळात, या विहाराच्या भिंतींवर आणि मंडपांत शेकडो शिलालेख बसवले गेले. त्यांत पूजापाठच आहे असे नाही. औषधी, मालीश, काव्य, सुभाषिते, इतिहास असे त्या काळचे ज्ञान दगडावर कोरले आहे. शरीरातील कोणती जागा दाबली असता कोणते दुखणे कमी होते, याच्या आकृत्या आहेत. व्यायामाच्या आसनांतील ऋषींचे पुतळे आहेत. 2011 साली युनेस्कोने हे शिलालेख जागतिक स्मृतीच्या यादीत घेतले. या विहारात 1955 साली पारंपरिक वैद्यकाची शाळाही निघाली.

पोथी कपाटात बंद करता येते. भिंतीला कुलूप लावता येत नाही. ज्याला अक्षरओळख आहे तो कोणीही येऊन वाचू शकतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाटीला हात लावण्याची बंदी होती, अशा आपल्यासारख्यांना त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

सोन्याची मूर्ती किंवा प्रचंड शिखर उभारणे आपल्या ऐपतीबाहेरचे असेल. पण आपल्या वस्तीतील विहाराच्या एका भिंतीवर फळा लावणे, एका कोपऱ्यात अभ्यासिका चालवणे, रात्री दोन तास दिवा चालू ठेवणे आपल्याला सहज जमेल. वंदना आटोपली की विहाराला कुलूप पडते, ते आता पडू नये. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पुढे कोणत्याही शहरी जा. दुकाने जरूर पाहा, पण तेथील लोकांनी ज्ञान कोठे आणि कोणासाठी ठेवले आहे, तेही शोधा.