रक्ताचे कार्ड आणि लग्नाची बोलणी

(आरे-वारे येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरे-वाऱ्याच्या या किनाऱ्यावर बसून मी सातपुड्यातल्या सिकलसेलविषयी बोलणार आहे. तिथल्या तपासणी शिबिरांना तुम्ही मदत पाठवता. तपासणीनंतर काय होते, तेही तुम्हाला कळायला हवे.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे, पोट, छाती असह्य दुखते. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, आईवडिलांकडून येतो. दोष एकाकडूनच आला, तर ती व्यक्ती वाहक. ती सहसा ठणठणीत असते. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के. ‘पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली,’ असा हिशेब काहीजण मांडतात. तो खोटा आहे. दर खेपेला फासा नव्यानेच पडतो.

1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. आदिवासी भागांतल्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. तपासणी झाली की कार्ड मिळते. काम चांगलेच आहे. आजार लवकर कळला, तर हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने पुष्कळांचे दुखण्याचे झटके कमी होतात.

पण ते कार्ड लग्नाच्या बैठकीत जाते. एका पाड्यावर मुलगी वाहक निघाली म्हणून ठरलेली सोयरीक मोडली. मुलाची तपासणी झालीच नव्हती. मी विचारले, तर त्याचे काका म्हणाले, “ताई, मुलाचं कशाला बघायचं?” मुलात दोष नसता, तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार झाला नसता. हे सांगायला मी पोचले, तोवर मुलीचे नाव तीन गावांत झाले होते.

शिकलेली माणसेही इथे घसरतात. सिकलसेलचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे 1949 मध्ये दाखवणारे लायनस पॉलिंग मोठे शास्त्रज्ञ, दोनदा नोबेल मिळालेले. त्यांनीच 1968 मध्ये सुचवले, की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू मुलांचे दुःख टाळण्याचाच होता. तरीही माझ्या अंगावर काटा येतो.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाला पाहून विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभू दोन्ही नाकारतो. आमच्या पाड्यांवर हाच प्रश्न अजून विचारतात, आणि बोट बहुधा आईकडेच जाते.

एका पाळकांनी मला विचारले, की विवाहाची घोषणा करण्याआधी मंडळीने रिपोर्ट मागावा का? मी स्पष्ट नाही म्हटले. तपासणी जरूर करावी, दोघांनीही, बोलणी सुरू होण्याआधी. पण निकाल त्या दोघांचा आहे. कार्ड पाळकांच्या कपाटात गेले, की ते गावाचे होते.

दोन वाहकांनी तरीही लग्न केले, तर गर्भाची तपासणी करता येते. मग प्रश्न येतो गर्भपाताचा. माझे मत तुमच्यापैकी अनेकांसारखेच आहे; मला तो पटत नाही. पण दुखणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन एस.टी.ने तालुक्याला जाणाऱ्या आईला मी दारातच उपदेश करणार नाही. तिचे पहिले मूल आपण कसे सांभाळले, हे ती आधी पाहणार.

परदेशात 2023 च्या अखेरीस जनुकात बदल करणारा उपचार मंजूर झाला. मंजुरीच्या वेळी अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर होती. आमच्या पाड्याला तूर्त औषधाचा नियमित पुरवठा आणि तापात मुलाला दवाखान्यात नेणारी गाडी हवी आहे.

माझा वेळ संपला. मघाशी मागच्या रांगेतून मामेबहिणीशी होणाऱ्या लग्नाविषयी कोणीतरी विचारत होते. तो प्रश्न आधी घेऊ.