अनुदान घेऊ, पण जमिनीचा हक्क सोडून नाही

(हमरापूर इथे झालेल्या वाड्यांच्या बैठकीतल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी वाडीवर वाचून दाखवावा.)



सध्या वाडीवाडीवर फॉर्म फिरतायत. कुणी सांगतं आंबा-काजूची कलमं फुकट मिळणार, कुणी सांगतं माळावर चर खोदून देणार, कुणी सांगतं नव्या पद्धतीने भात लावा, सरकार पैसे देईल. तुम्ही विचारताय, घ्यायचं की नाही? काही जण असंही म्हणतात की संघटना जमिनीसाठी लढते, मग सरकारच्या अनुदानाला हात कशाला लावायचा?

माझं म्हणणं सरळ आहे. हा पैसा कुणा साहेबाच्या घरचा नाही. आपण काडेपेटी घेतो, त्यातूनही सरकारकडे पैसा जातो. तो मागायला लाजायचं कारण नाही. पण अंगठा उठवायच्या आधी कागदावर काय लिहिलंय ते वाचून घ्यायचं. ज्याला वाचता येत नाही त्याने शिकलेल्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्यायचं.

आधी एक गोष्ट. माती राखणं, पाणी अडवणं हे आपल्याला कुणी कचेरीतून येऊन शिकवलेलं नाही. इंग्रजांच्या काळात कुलाबा जिल्ह्यात जंगलाच्या जमिनी दळी म्हणून आपल्या लोकांना कसायला दिल्या. डोंगरउतारावर नाचणी, वरी पिकवायची, दोन-तीन वर्षं पीक घेतलं की जमिनीला विसावा द्यायचा, दगड वेचून आडवी ताल घालायची, हे आपल्या म्हाताऱ्यांनी केलं. आज त्यालाच 'मृद व जलसंधारण' म्हणतात. नाव मोठं झालं, काम तेच आहे. फरक एवढाच की कसणाऱ्याचं नाव कागदावर आलं नाही, आणि अनुदान मिळतं ते कागदाला.

इथेच खरी अडचण आहे. फॉर्मसोबत सातबारा मागतात, आठ-अ मागतात. आपल्यातल्या बहुतेकांकडे दळीची जुनी नोंद आहे, दंडाच्या पावत्या आहेत, कुणाकडे वनहक्काचा पट्टा आहे. कारकून म्हणतो, सातबारा नाही तर योजना नाही. आपण मान खाली घालून परत येतो. यापुढे असं परत यायचं नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम २००८ साली आले आणि २०१२ साली सुधारले. सुधारलेल्या नियमांत नियम १६ आहे. तो पाठ करा. तो सांगतो की ज्यांचे हक्क मान्य झाले त्यांना जमीन सुधारण्याच्या, पीक वाढवण्याच्या, पोटापाण्याच्या सगळ्या सरकारी योजना मिळतील हे राज्य सरकारने आपल्या खात्यांमार्फत बघायचं आहे. म्हणजे पट्टा दाखवल्यावर कारकुनाने 'बसत नाही' म्हणायचं नाही. म्हणालाच, तर ते लिहून द्यायला सांगा. तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही.

दुसरं, रोजगार हमी. आपल्या महाराष्ट्रात ही योजना १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, पुढे २००५ साली देशाचा कायदा आला. त्यात आदिवासी कुटुंबाच्या आणि वनहक्क मिळालेल्याच्या स्वतःच्या जमिनीवर काम घेता येतं. जमीन सपाट करणं, बांधबंदिस्ती, मजगी, विहीर, शेततळं, फळझाडं, हे सगळं त्यात बसतं. जॉबकार्ड पाहिजे आणि घरातल्या माणसाने त्या कामावर राबलं पाहिजे. म्हणजे आपल्याच बांधाला आपण दगड लावायचा आणि मजुरी सरकारने द्यायची. ज्या आदिवासी कुटुंबाकडे वनहक्काची जमीन सोडून दुसरी जमीन नाही, त्याला २०१४ साली १०० च्या वर आणखी ५० दिवस मंजूर झाले. या कामात ठेकेदार चालत नाही, मजुराचं काम खाणारं यंत्र चालत नाही. माळावर जेसीबी दिसला आणि हजेरीपटावर आपली नावं दिसली, तर समजायचं की अनुदान दुसरंच कुणी खातंय.

हे सांगायचं कारण, दिवाळी झाली की आपली घरंच्या घरं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. उचल घेतलेली असते, ती फिटता फिटत नाही. त्याच महिन्यांत आपल्या दळीवर बांधाचं काम निघालं, तर किती पोरं शाळेत राहतील याचा हिशेब प्रत्येक वाडीने करावा. पण मागणी आपण केली पाहिजे. अर्ज द्यायचा, तारखेची पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता मागायचा.

आता सावध कुठे राहायचं ते ऐका. संवर्धनाच्या नावाखाली कधी कधी जमीनच हातची जाते. कुणी येतो, म्हणतो तुमच्या पडीक माळावर झाडं लावू, संमती द्या. तो माळ पडीक नसतो, विसाव्याला टाकलेली दळी असते. एकदा तिथे साग-आकेशिया लागला आणि तारेचं कुंपण पडलं, की पुढच्या मोजणीला तुमचा कब्जा दिसत नाही. कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही. म्हणून दावा बाकी असताना रोपवनाच्या कागदावर अंगठा नको. झाडं लावायचीच तर आपल्या पसंतीची, आपल्या बांधावर, आणि फळ आपलं असं लिहून घेऊन.

नव्या भातपद्धतीचंही बोलू. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र काढलं. गादीवाफे एकदा करायचे, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, चिखलणी नाही, आवणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. राब भाजायला लागत नाही, म्हणून झाडांची टाहळ तोडायची गरज नाही. जमिनीचा कस राहतो. छोट्या शेतकऱ्याला ही पद्धत उपयोगाची आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण दोन गोष्टी आपण बोलल्या पाहिजेत. त्यात तणनाशक मारतात. आपल्या बाया बांधावरची भाजी खुडतात, पोरं खाचरात खेकडे, मासे धरतात. औषध कुठे मारलं, कधी मारलं, हे वाडीला कळलं पाहिजे. आणि आवणी गेली की आवणीची मजुरी जाते. खाचराच्या मालकाला अनुदान आणि मजुराला सुट्टी, असं होता कामा नये. ज्या गावात ही पद्धत येईल, तिथे त्या दिवसांत हमीचं काम सुरू करा, अशी मागणी ग्रामसभेत लावा.

आणि नावीन्य म्हणजे फक्त वरून आलेलं असतं, असं कुठे आहे? पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. तिथे न्यूक्लिअस बजेट नावाची तरतूद असते. नेहमीच्या योजनांत जे बसत नाही, पण जागेवर गरजेचं आहे, त्यासाठीच ती ठेवलेली आहे. मग आपणच मागू. नाचणी-वरीच्या जुन्या बियाण्याची वाडीवर कोठी, उतारावर दगडी ताल, बांधाला सुरण आणि हळद, ओढ्याला कच्चे बंधारे. चार-पाच घरांनी मिळून एक अर्ज करायचा आणि त्यात बायांची नावं असलीच पाहिजेत. वनहक्काचा पट्टासुद्धा नवराबायको दोघांच्या नावाने असतो, मग अनुदान एकट्या बाप्याच्या खात्यावर का?

रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा आपल्याला लागू नाही, हे कुणी सांगेल. ते खरं आहे. पण वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. गडचिरोलीत मेंढा गावाने २००९ साली सगळ्या गावाच्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. तो याच कायद्याने मिळवला, आणि तो आपल्यालाही मागता येतो.

आता कामाचं. ज्यांचा दावा नाकारला किंवा दोन एकराऐवजी काही गुंठेच मंजूर झाले, त्यांनी निकालाचा कागद घेऊन यावं. उपविभागीय समितीच्या निकालावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. दिवस मोजा, ते वाया घालवू नका. ज्यांच्याकडे पट्टा आहे त्यांनी झेरॉक्स आणि जॉबकार्ड एकत्र ठेवावं. प्रत्येक वाडीने कुठे ताल पाहिजे, कुठे विहीर, कुठे बंधारा याचा साधा नकाशा कागदावर काढून ग्रामसभेत ठरावाला ठेवावा. आणि कुठलाही नवा फॉर्म आला तर सही करायच्या आधी वाडीच्या बैठकीत वाचावा.

आधी जमिनीवर आपलं नाव. मग तिच्यावरचं अनुदान आपलंच आहे, आणि ते आपण सोडणार नाही.

जिंदाबाद.